सुमीस पत्र: तालुका प्रतिनिधी होण्याआधी

यवतमाळ
दिवाळीनंतरचा मंगळवार

प्रिय सुमे,

तुझं पत्र पोचलं. एक बातम्यांचा पोर्टलवाला तुला 'दारव्हा तालुका प्रतिनिधी' करायला तयार आहे आणि ओळखपत्र, माइक, लेटरहेड मिळून साडेतीन हजार मागतो आहे, असं लिहिलंस. दिले नसशील तर देऊ नकोस. दिले असशील तर पावती मागून ठेव आणि पुढे एक रुपया देऊ नकोस. कामाला ठेवणारा पैसे देतो, या धंद्यात काही जण उलटे घेतात, आणि कार्ड गळ्यात आलं की पोराला वाटतं नोकरी लागली.

अशा ठिकाणाची पारख सोपी आहे. छापील दैनिक-साप्ताहिकाचं शीर्षक दिल्लीच्या प्रेस रजिस्ट्रारकडे नोंदलेलं असतं. आपण आजवर त्याला आरएनआय (रजिस्ट्रार ऑफ न्यूजपेपर्स फॉर इंडिया) म्हणत आलो. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, तेव्हापासून ते कार्यालय प्रेस रजिस्ट्रार जनरलचं झालं. त्यांच्या संकेतस्थळावर पेपरचं नाव टाकून बघ. यूट्यूब चॅनेलची तिथे नोंद होत नाही. म्हणून चॅनेलच्या कार्डावर 'भारत सरकार मान्यताप्राप्त' छापलेलं दिसलं की काय समजायचं ते समज. खरी अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकाराला सरकारी मान्यता, राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, तीही काही वर्षांचा अनुभव कागदावर दाखवल्यावर. स्कूटीवर 'प्रेस' लिहिल्याने ना टोल माफ होतो ना चालान.

आता कामाच्या जागा. आपल्या भागात सुरुवातीच्या तीनच: तालुक्याचा वार्ताहर, जिल्हा किंवा आवृत्ती कार्यालयातला प्रशिक्षणार्थी उपसंपादक, आणि आकाशवाणी.

वार्ताहराची जागा सर्वांत लवकर मिळते आणि सर्वांत जास्त तिथेच फसगत होते. बहुतेक ठिकाणी वार्ताहराला पगार नसतो. थोडंफार मानधन, नाहीतर नुसती जाहिरातीवरची टक्केवारी. १५ ऑगस्ट, दिवाळी, २६ जानेवारी, नेत्याचा वाढदिवस, पेपरचा वर्धापनदिन, प्रत्येक पुरवणीला तुझ्या नावापुढे आणायच्या जाहिरातीचा एक आकडा लिहिला जातो. सरपंचाने पाव पानाची शुभेच्छा दिली, छापून आली, आणि पैसे मात्र दिले नाहीत, तर बिल तुझ्या खात्यावर चढतं. पुढच्या महिन्यात त्याच सरपंचाच्या पांदण रस्त्याचं खडीकरण पहिल्या पावसात वाहून जातं. त्याची बातमी तू लिहिशील? वसुली बाकी असताना कोणीच लिहीत नाही. लोक म्हणतात तालुक्याचे पत्रकार विकले जातात. माझ्या मते निम्मे तरी विकलेले नसतात, उधारीत अडकलेले असतात.

म्हणून हो म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारून घे, आणि उत्तर ईमेलवर माग. मानधन महिन्याला किती आणि कोणत्या तारखेला? जाहिरात आणणं सक्तीचं आहे का, आणि बुडालेली वसुली कोणावर? नेमणूकपत्र मिळेल का? तिसरा प्रश्न पोरं विसरतात. पत्रकारांवरील हल्ल्याविरुद्ध राज्याचा २०१७ चा कायदा आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण संरक्षण मिळतं ते माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी नेमलेल्याला. वाळूवाल्याने ट्रॅक्टर अंगावर घातला आणि पेपरने 'या आमच्या नाहीत' म्हटलं, तर हातात एक कागद पाहिजे. पेपरच्या गठ्ठ्यांची एजन्सी सोबत घ्या म्हणाले तर नाहीच म्हण. अनामत अडकते आणि पहाट गठ्ठे मोजण्यात जाते.

माझं मत विचारशील तर तू डेस्कचा, म्हणजे कार्यालयात बसून बातम्या नीट करणाऱ्या उपसंपादकाच्या जागेचा, प्रयत्न कर. प्रशिक्षणार्थीचा पगार कमीच असतो, पण जाहिरातीची पिशवी खांद्यावर नसते, आणि भाषा डेस्कवरच घडते. लोकमत, सकाळ, तरुण भारत, देशोन्नती, पुण्य नगरी अशा पेपरांची विदर्भातली डेस्क नागपूर, अमरावती, अकोल्यात बसतात. जागा निघाल्याची जाहिरात क्वचितच येते. कोणी सोडून गेला की आवृत्तीप्रमुख ओळखीत विचारतात, त्यामुळे तुझा अर्ज आणि नमुने आधीच त्यांच्याकडे असलेले बरे. भेटायला सकाळी ११ ते १ च्या दरम्यान जा. संध्याकाळी ६ नंतर पानं लागत असतात, तेव्हा दारात उभ्या राहणाऱ्या उमेदवाराकडे कोणी मान वर करून बघत नाही.

डेस्कची चाचणी साधी असते. एक लांबलचक प्रेसनोट देतात आणि शंभर-सव्वाशे शब्दांत बातमी करायला सांगतात, वर दोन हेडिंग. एखादा इंग्रजी किंवा हिंदी मजकूर मराठीत करायला देतात. नापास होणारे बहुतेक एकाच कारणाने होतात: प्रेसनोट जिथून सुरू होते तिथूनच बातमी सुरू करतात. 'मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन' पहिल्या ओळीत आलं की कागद बाजूला. पाहुणे, हारतुरे, आभार काढून टाक. गावाला काय मिळालं, किती, कधीपासून, हे वर आण. काहीच मिळालं नसेल तर ती सिंगल कॉलम चार ओळींची बातमी, तिला फुगवू नकोस.

टायपिंग आत्ताच पक्कं कर. युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक शीक. काही ठिकाणी पानं अजून श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लागतात. युनिकोडचा मजकूर तिथे नेताना जोडाक्षरं आणि रफार फुटतात, म्हणून रूपांतर केल्यावर 'र्', 'क्ष', 'ज्ञ' आणि आकडे डोळ्यांनी तपासावे लागतात. मोबाइलवर बोलून टाइप केलंस तर गावांची नावं हमखास बिघडतात. डेस्कवर दुसरी हमखास चूक एककांची. १ हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर, १ एकर म्हणजे ४० गुंठे. कास्तकार एकरात बोलतो, कृषी विभाग हेक्टरात, आणि घाईत दोन्ही एकाच वाक्यात मिसळले की नुकसान अडीचपट होऊन छापून येतं. तिसरी चूक पदनामांची. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाला आहे, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी. नायब तहसीलदाराला तहसीलदार केलंस तर दुसऱ्या दिवशी दोघांचेही फोन येतात.

नमुने काय दाखवायचे, हाच तुझा खरा प्रश्न. कविता, स्तंभ, महिला दिनाचा लेख ठेवू नकोस. आपल्याच परिसरातल्या पाच बातम्या कर, प्रत्येकी अडीचशे शब्दांच्या आत, आणि प्रत्येकीत एक आकडा असा पाहिजे की जो तू स्वतः कागदावर बघितला आहेस.

समज, पाऊस झाला. 'तालुक्यात अतिवृष्टी, कास्तकार हवालदिल' हे कोणीही घरी बसून लिहितं. अतिवृष्टी धरतात ती महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर. मंडळनिहाय आकडे 'महारेन' या राज्याच्या पावसाच्या नोंदींच्या संकेतस्थळावर असतात. तुझ्या मंडळात ६१ नोंदले गेले आणि वावरं मात्र पाण्याखाली आहेत, तर बातमी तिथेच आहे: पर्जन्यमापक कुठे बसवलाय, नुकसान झालेली गावं त्याच्यापासून किती लांब? मग पंचनामा. महसूल, ग्रामपंचायत आणि कृषी विभागाचे तिघं मिळून तो करतात, आणि मदतीसाठी नुकसान किमान ३३ टक्के दाखवावं लागतं. किती वावरांचे पंचनामे झाले, किती ३३ च्या आत बसवले, हे विचारलंस की तहसीलमधला माणूस तुझ्याकडे नीट बघतो.

कापसाचं तसंच. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये, मध्यम धाग्याला ७,७१०. पण सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंतच. त्याच्यावर प्रत्येक टक्क्याला १ टक्का कपात, आणि १२ च्या वर गाडी परत. म्हणजे १२ टक्क्यांच्या कापसाला ८,११० चे साधारण ७,७८६ होतात. 'हमीभावापेक्षा कमी दर' असं सरसकट लिहिण्याआधी ओलाव्याचा आकडा बघ. कपात नियमाने झाली असेल तर बातमी वेगळी, यंत्रच चुकीचं दाखवत असेल तर त्याहून मोठी. कपास किसान अ‍ॅपवर विक्रीसाठीची नोंदणी कोणाची अडली, तेही विचार.

आणि आपल्या जिल्ह्यात जो विषय टळत नाही तो, शेतकरी आत्महत्या. इथे घाई करू नकोस. पद्धत, दोरी, औषधाचं नाव, चिठ्ठीचा मजकूर, फोटो, काही नको. प्रेस कौन्सिलची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. 'कर्जाला कंटाळून' हे पोलीस किंवा शेजारी म्हणाले म्हणून हेडिंगमध्ये टाकू नकोस. बातमी खरं तर पुढे महिन्या-दोन महिन्यांनी असते: जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने प्रकरण पात्र धरलं की अपात्र, आणि का. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे पात्र कुटुंबाला १ लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. सातबारा सासऱ्याच्या नावावर असल्याने किंवा कर्ज विनापरवाना सावकाराचं असल्याने अपात्र ठरलेली बाई दाराशी बसलेली असते, तिच्याकडे दुसऱ्यांदा कोणी जात नाही. तू जा. कॅमेरा पिशवीतच ठेव.

कागद हवा असेल तर माहिती अधिकार आहेच. अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत, राज्याच्या नियमाने. वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराला ३० दिवस, प्रतीला पानामागे २ रुपये. उत्तर नाही आलं तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. अर्ज फेटाळले जातात ते बहुधा 'का' विचारल्यामुळे. 'रस्ता खराब का झाला' याचं उत्तर कोणी देणार नाही. 'मोजमाप पुस्तिकेच्या पान अमुक ते तमुकच्या प्रती द्या' असं लिही; झालेल्या कामाची मापं त्या पुस्तिकेत असतात. बांध-विहिरीच्या भांडणातल्या शेजाऱ्यांसाठी मात्र अर्ज लिहून देत बसू नकोस, एकदा ते नाव पडलं की जात नाही.

एक कायद्याची गोष्ट. अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, आणि पीडित मूल असेल तर पोक्सोचं (बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३. गावात नाव गाळून भागत नाही. बाराशे वस्तीच्या गावात 'शाळेमागे राहणारी, नववीतली' म्हटलं की सगळ्यांना कळतं. आरोपी नातेवाईक असेल तर त्याचं नाव छापलं तरी तिची ओळख उघडी पडते. अशा वेळी गावाचंही नाव काढ.

आकाशवाणीचं थोडक्यात. जिल्ह्यासाठी अंशकालीन वार्ताहर घेतात, कंत्राटावर. पत्रकारितेची पदवी-पदविका किंवा अनुभव लागतो आणि राहणं जिल्हा मुख्यालयात किंवा जवळपास. दारव्ह्याहून ते जमायचं नाही. हे पुढे बघू.

शिकायचंच असेल तर अमरावतीला आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारिता शिकवतात. नागपूर विद्यापीठाचा विभाग आहे, वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठातही जनसंचार आहे. पदविकेचा खरा फायदा वर्गापेक्षा इंटर्नशिपच्या पत्रात असतो. महाविद्यालयाच्या पत्राशिवाय बरेच पेपर इंटर्नला आत घेत नाहीत. राज्याची २०२४ ची युवा कार्य प्रशिक्षण योजना तुला माहीत असेल, तिच्यात बारावीला ६ हजार, पदविकेला ८, पदवीधराला १० हजार विद्यावेतन ठरलं होतं. सध्या तुझ्या जवळ कोणती जागा निघते ते राज्याच्या 'महास्वयं' रोजगार पोर्टलवर बघ, जिल्हा माहिती कार्यालयातही एकदा विचार. मोठा ग्रामीण विषय हाती लागला तर 'पारी'चा (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) विचार कर. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ते काम मराठीतही वाचता येतं, विद्यार्थ्यांचं लेखनही ते घेतात. पण त्यांचं संपादन कडक असतं. वय, तारीख, मजुरीचा दर, सगळं पुन्हा विचारतात. वही नीट नसेल तर तिथे टिकाव लागत नाही.

डेस्क घेतलंस तर पाळी दुपारी सुरू होऊन रात्री उशिरा सुटते, शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते. म्हणून पगार ठरवण्याआधी खोलीचं भाडं आणि रात्रीच्या ऑटोचा खर्च मांड. कार्यालयाची गाडी सोडते का, हे बिनदिक्कत विचार. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि पहिल्याच आठवड्यात तुला 'महिला पान' देतील. घे, पण सोबत बाजार समितीही माग.

अर्जाचा ईमेल एक पानाचा. विषयात 'प्रशिक्षणार्थी उपसंपादक, ५ नमुने सोबत' एवढंच. नमुने युनिकोडमध्ये आणि पीडीएफमध्येही, फाइलच्या नावात तुझं नाव. प्रत्येक बातमीखाली आकडा कुठून घेतला ते एका ओळीत, ही ओळ बाकीचे उमेदवार लिहीत नाहीत. आठ दिवसांनी एकदा फोन. दुसऱ्यांदा करू नकोस, नवा नमुना पाठव.

पहिली बातमी पौर्णिमेच्या आत मला पाठव, लाल पेन काढून बसते. काकूंना नमस्कार सांग, काकाजींचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते लिही. तुमच्या पऱ्हाटीचा पहिला वेचा केंद्रावर नेला असेल तर ओलाव्याची पावती फेकू नकोस, तिचा फोटो पाठव.

तुझी,
रंजू