लुंबिनीला एक रात्र राहा

नौपाडा, ठाणे

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

आधी कागदपत्रांचं सांगून टाकतो. सुनौलीला नेपाळची हद्द ओलांडायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच. तुझ्या वयाच्या माणसाला तिथे आधार चालत नाही. पासपोर्ट आणि मतदार ओळखपत्र दोन्ही घे आणि वेगवेगळ्या कप्प्यांत ठेव. १०० च्या नोटा जास्त असू देत. आपल्या १०० रुपयांचे तिकडे १६० होतात. पलीकडे गेल्या गेल्या घड्याळ १५ मिनिटं पुढे कर.

तुझं वेळापत्रक आईने दाखवलं. लुंबिनीला दोन तास आणि लगेच पोखऱ्याची बस, हे काही मला पटलं नाही. सई, तिथे एक रात्र राहा.

मायादेवी मंदिराशेजारी अशोकाचा दगडी खांब आहे. कठड्याजवळ उभी राहिलीस की ब्राह्मी अक्षरांच्या ओळी डोळ्यांनी दिसतात. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथे आला, बुद्ध इथे जन्मला म्हणून त्याने खांब उभा केला आणि या गावाचा कर कमी केला, असं त्यात लिहिलंय. राजा येतो, नमस्कार करतो आणि जाताना गावकऱ्यांचं ओझं हलकं करतो, हे मला फार मोठं वाटतं.

याच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजींना आपल्या सोपाऱ्यात सापडला. तेव्हा सोपारा ठाणे जिल्ह्यातच होतं. त्या लेखाचा विषयच प्रवास आहे. आधीचे राजे शिकारीला, मौजेला फिरायचे. मी धर्मयात्रेला निघालो, असं तो सांगतो. आणि त्या यात्रेत करायचं काय, तर श्रमणांना म्हणजे संन्याशांना आणि ब्राह्मणांना भेटायचं, म्हाताऱ्यांना भेटायचं, दान द्यायचं, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलायचं. पाहायच्या ठिकाणांची यादी त्यात कुठे नाही. तुझं जायचं ठरलं तेव्हापासून माझ्या मनात हेच घोळतंय.

म्हणून म्हणतो, संध्याकाळी सायकल भाड्याने घे आणि कालव्याच्या कडेने फीर. एका बाजूला थेरवादी देशांचे विहार, दुसऱ्या बाजूला महायानी; हे बौद्धांचे दोन मोठे पंथ. जिथे कुणी बोलेल तिथे थांब.

पुढे बुटवलहून पोखऱ्याच्या वाटेवर तानसेन लागतं. डोंगरउतारावरचं, नेवार या नेपाळी समाजाचं जुनं बाजाराचं गाव आहे, तिथेही उतर. वाटेत काली गंडकी ओलांडशील. आजीच्या देवघरातला शाळिग्राम याच नदीतला. आतलं चक्र म्हणजे समुद्रातल्या प्राण्याच्या शंखाचा ठसा. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग देव केवढा जुना!" नदीतून काही उचलून मात्र आणू नकोस.

पोखऱ्याला फेवा ताल हे तळं आणि माछापुच्छ्रे हे शिखर तू पाहशीलच, ते मी सांगायला नको. रात्रीच्या बसने घाटातून जाऊ नकोस, एवढं माझं ऐक. नेपाळचं सिम घेतलंस की आईला आधी फोन कर, तिचा जीव लागून राहिलाय.

आणि तानसेनला कुणाकडे जेवलीस, काय बोलणं झालं, ते मला सविस्तर लिहून पाठव. फोटो नसले तरी चालतील.

तुझा,
बाबा