तुझ्या हाताचा दोष नाही

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज पडलेला होता. संगीतकार शूबर्टच्या ई फ्लॅट ट्रिओत, म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तिघांच्या रचनेत, तुझा पियानो चेलोला झाकून टाकतो, असं सगळे म्हणतात. अगं, यात हाताचा दोष कमी आणि वाद्याचा जास्त आहे.

हा ट्रिओ त्याने १८२७ मध्ये लिहिला, तेव्हा व्हिएन्नात कॉनराड ग्राफसारखे कारागीर पियानो घडवत होते. सांगाडा लाकडी, तारा बारीक, हातोड्यांवर फेल्टऐवजी चामडं. आजच्या कॉन्सर्ट ग्रँडमध्ये, म्हणजे मैफिलीच्या मोठ्या पियानोत, तारांचा एकूण ताण १८-२० टनांच्या घरात जातो, तो पेलायला लोखंडी चौकट लागते. ग्राफच्या पियानोत स्वर चटकन उमटतो आणि चटकन विरतो. चेलोच्या तारा तेव्हा आतड्याच्या असत, त्यांचा आवाजही मऊ. म्हणजे दोघांची ताकद मुळात जुळलेली होती.

ट्रिओचा दुसरा भाग जुन्या वाद्यांवर वाजवलेला ऐक. पियानोचे कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरसमूह) पावलं टाकल्यासारखे एका लयीत पडतात, आणि दोन कॉर्डमध्ये चक्क मोकळी जागा राहते. त्या जागेतून चेलोची धून निघते, तिला जोर करावा लागत नाही. मग तीच धून पियानोकडे येते, तेव्हा वरच्या सप्तकातला तो किरटा, स्पष्ट स्वर ऐक. मला तर तो आजच्या गोल, गुळगुळीत स्वरापेक्षा जास्त भिडतो. त्या पियानोंना एक जादा पेडलही असे. तो दाबला की हातोडी आणि तारेच्या मध्ये कापडाची पट्टी येते. आवाज नुसता कमी होत नाही, त्याचा रंगच बदलतो.

म्हणून सगळंच दबकत वाजवू नकोस. डावा हात आखूड ठेव, पेडल जपून घे, उजव्या हाताला मोकळेपणाने बोलू दे. झाकण खाली घेऊन भागवू नका, त्याने स्वर मुका होतो.

तू व्हिएन्नातच आहेस, तर हॉफबर्ग राजवाड्यातला जुन्या वाद्यांचा संग्रह बघून ये. ग्राफने पियानोवादक क्लारा वीकला (पुढे क्लारा शुमान) भेट दिलेला पियानो, जो नंतर संगीतकार ब्राम्सकडे गेला, तो व्हिएन्नातच जपलेला आहे. तिथे बघायला मिळतो का, विचार.

आणि शेवटचा भाग पूर्ण वाजवणार आहात की कापलेला? छापायला देताना शूबर्टने त्यातले जवळजवळ शंभर बार (तालाचे छोटे तुकडे) कापले होते. मला पूर्ण ऐकायला आवडेल, पण तिघांनी मिळून ठरवा आणि मला कळव.

तुझी,
आई