मुक्कामाची उंची छापा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हाय अल्टिट्यूड ट्रेक्सवर जो पानभर लेख आलाय तो मी दोनदा वाचला. फोटो फार सुंदर आहेत, आमा दबलम शिखराचा संध्याकाळचा फोटो तर किती वेळ बघत बसले होते. पण लेखासोबत 'ट्रेक एका नजरेत' अशी जी चौकट दिलीये त्यात किलोमीटर किती, सीझन कुठला, सर्वात जास्त उंची किती, दिवस किती लागतात हे सगळं आहे आणि ज्या एका आकड्यावर माणूस धडधाकट परत येतो की नाही हे ठरतं तो आकडाच नाहीये. रोज रात्री किती उंचीवर झोपायचं, हा तो आकडा. त्यात एव्हरेस्ट बेस कॅम्प 'अवघ्या ८ दिवसांत जाऊन-येऊन शक्य' असं छापलंय, ते वाचल्यावर मला राहवेना म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबेल, पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

मी आणि माझी धाकटी बहीण काही वर्षांपूर्वी याच ट्रेकला गेलो होतो. ती माझ्यापेक्षा कितीतरी फिट, रोज दहा किलोमीटर पळणारी. नेपाळमधल्या लुक्लाहून ट्रेक सुरू होतो, तिथलं विमान खराब हवेमुळे दोन दिवस उडालंच नाही, तिथे हे नेहमीचंच आहे, पण आमच्या ग्रुपची परतीची तिकिटं ठरलेली होती, मग आमच्या ट्रेक लीडरने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की दोन दिवस कमी पडतायत तर वाटेतल्या नामचे आणि दिंगबोचे गावांतला रेस्ट डे काढून टाकू, तुम्ही सगळे फिट आहात, काही प्रॉब्लेम नाही. आम्हीही माना डोलावल्या. बसून राहण्यापेक्षा चाललेलं बरं असंच वाटलं सगळ्यांना, कोणी एक प्रश्न विचारला नाही, मीही नाही, आणि ती गोष्ट मला अजून टोचते.

आमच्या मुक्कामांच्या उंच्या बघा. फाकडिंग २,६१० मीटर, नामचे ३,४४०, तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९१०. ओळीने पाच रात्री, मधे एकही थांबा नाही. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, हा नियम माउंटन मेडिसिनवाले डॉक्टर कधीपासून सांगतायत, पण आम्हाला तो माहीतच नव्हता, आणि आमचा लीडर तो माहीत असूनही गप्प बसला होता.

दिंगबोचेलाच बहिणीचं डोकं दुखत होतं. तिने सांगितलं नाही. मला नंतर म्हणाली, आपल्या एकीमुळे पंधरा जणांचा ट्रेक अडायला नको म्हणून गोळी घेतली आणि गप्प बसले. लोबुचेला पोचल्यावर तिने जेवणाला हात लावला नाही, थकवा आलाय म्हणून सातलाच झोपली. साडेनऊच्या सुमारास मला जाग आली तर ती हेडटॉर्च लावून बेडच्या कडेवर बसली होती, बाहेर जायला बूट घालत होती, आणि तिला नाडी बांधता येत नव्हती. दोन्ही टोकं दोन हातात धरलेली, एक टोक दुसऱ्यावर आणायची, ते सुटायचं, परत धरायची. असं पाच-सहा वेळा. मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, ताई, हे कसं करतात गं?

माझ्या पोटात गोळा आला. मी धावत जाऊन आमच्या असिस्टंट गाइडला उठवलं, तो तिकडचाच मुलगा होता, पंचविशीचा असेल. त्याने तिला धरून बाहेर आणलं, ट्रेकिंग पोलने जमिनीवर एक सरळ रेघ ओढली आणि सांगितलं, दीदी, यावरून चाला, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लागली पाहिजे. तिसऱ्या पावलाला ती भिंतीवर जाऊन आदळली. तो म्हणाला, आत्ता खाली न्यायचं. लीडरचं म्हणणं होतं की सकाळपर्यंत थांबू, उजाडलं की हेलिकॉप्टर बोलवू. त्या मुलाने त्याचं ऐकलं नाही. एका पोर्टरला उठवलं, आणि आम्ही चौघं निघालो.

लोबुचेहून खाली येताना थुक्लाच्या खिंडीत, ४,८३० मीटरवर, एव्हरेस्टवर आणि आसपासच्या शिखरांवर गेलेल्या गिर्यारोहकांची आणि शेर्पांची दगडी स्मारकं आहेत. दिवसा सगळे तिथे थांबून फोटो काढतात, आम्हीही काढले होते. रात्री टॉर्चच्या उजेडात एकेक स्मारक पुढे येत होतं आणि बहीण त्या पोर्टरच्या पाठीवर होती. मी फक्त त्याच्या टाचांकडे बघत चालत होते. दीडच्या सुमारास खालच्या फेरिचे गावात पोचलो. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं क्लिनिक आहे, १९७३ पासून ही संस्था काम करतेय आणि ट्रेकच्या दोन्ही सीझनमध्ये तिथे डॉक्टर असतात. त्यांनी ऑक्सिजन लावला, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं, आणि सांगितलं की औषधापेक्षा तुम्ही जे एवढं खाली उतरलात त्याने ही वाचली, सकाळपर्यंत थांबला असता तर सांगता आलं नसतं. मेंदूला सूज यायला सुरुवात झाली होती, हेस म्हणतात त्याला, हाय अल्टिट्यूड सेरेब्रल एडिमा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तिची नाडी स्वतः बांधली, तेव्हा मी रडले.

आता हे सगळं होतं का, तर हवेत ऑक्सिजन कमी होतो असं जे आपण म्हणतो ते तितकंसं बरोबर नाही. ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, हवेचा दाबच कमी होत जातो, साधारण ५,५०० मीटरला तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन निम्माच मिळतो. शरीर मग जोरजोरात श्वास घ्यायला लागतं, त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कलाइन, म्हणजे क्षारीय, होतं, आणि मेंदू श्वासाला परत ब्रेक लावतो, विशेषतः झोपेत. रात्री टी-हाऊसमध्ये, म्हणजे वाटेवरच्या लॉजमध्ये, शेजारचा माणूस मधेच श्वास थांबवतो आणि मग एकदम धाप लागल्यासारखा घेतो ते यामुळेच. हा ब्रेक सुटायला किडन्यांना रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे एक क्षार, बाहेर टाकावं लागतं आणि त्या कामाला दिवस लागतात. तुम्ही मॅरेथॉन पळा नाहीतर रोज दोनशे जोर मारा, किडन्या काही त्याने लवकर काम करत नाहीत. म्हणून फिट माणूस इथे सुरक्षित नसतो, उलट तो भराभर वर पोचतो आणि जास्त फसतो. मागच्या वेळी काही झालं नाही म्हणून यावेळी होणार नाही असंही नसतं.

रेस्ट डे म्हणजे वाया गेलेला दिवस नाही हे मला यासाठीच सांगायचंय. त्या दिवशी झोपून राहायचं नसतंच मुळी, दिंगबोचेला थांबलात तर वरच्या नांगकारत्सांगच्या धारेवर चढून जायचं, तिथे थोडा वेळ काढायचा आणि झोपायला परत खाली यायचं. शरीराचं खरं काम त्याच दिवशी चाललेलं असतं. १९७६ साली हॅकेट आणि रेनी या डॉक्टरांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, याच फेरिचेमध्ये त्यांनी २७८ ट्रेकर्स तपासले तर ५३ टक्के लोकांना अक्यूट माउंटन सिकनेस, म्हणजे उंचीचा आजार, निघाला, आणि चालत आलेल्यांपेक्षा विमानाने लुक्लाला उतरलेल्यांमध्ये तो जास्त होता. पन्नास वर्षं होत आली या गोष्टीला आणि आपण अजून ८ दिवसांत बेस कॅम्प छापतोय.

आणि हे एकट्या एव्हरेस्टच्या वाटेचं नाहीये. नेपाळमधलाच दुसरा ट्रेक, अन्नपूर्णा सर्किट, पूर्वी बेसीसहरपासून, म्हणजे ७६० मीटरपासून चालत सुरू व्हायचं, मनांगला ३,५४० मीटरला पोचेपर्यंत आठवडा जायचा आणि त्या आठवड्यात शरीर आपोआप तयार व्हायचं. आता मनांगपर्यंत जीपचा रस्ता झालाय. गावकऱ्यांसाठी तो रस्ता हवाच होता, त्यावर मी बोलणार नाही, पण जीपने वर येऊन लगेच तिसऱ्या दिवशी ५,४१६ मीटरच्या थोरोंग ला या खिंडीकडे निघणाऱ्यांनी ते चालण्याचे दिवस कुठेतरी भरून काढायला नकोत का? मनांगला पण त्याच हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं क्लिनिक आहे, सीझनमध्ये दुपारी उंचीच्या आजारांवर माहिती देतात, तासभर जाऊन बसावं माणसाने. आफ्रिकेतल्या किलिमांजारोचं तर विचारूच नका. मारांगू रूटचा पाच दिवसांचा प्लॅन बघा, मुक्काम मंडारा २,७२०, होरोम्बो ३,७२०, किबो ४,७२० आणि त्याच मध्यरात्री उठून ५,८९५ मीटरच्या समिटला. रोज सरळ हजार मीटर! तिथे पार्कची फी दिवसाप्रमाणे असते म्हणून लोक दिवस कमी करतात, आणि दिवस कमी केले की समिट न होता परत येतात. होरोम्बोला एक रात्र जास्त काढली किंवा लेमोशोसारखा सात-आठ दिवसांचा रूट घेतला तर तोच डोंगर बराच सोपा जातो.

मोकळा दिवस हवेसाठी पण लागतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या उरलेल्या ढगांनी थोरोंग ला आणि आसपासच्या भागात अचानक बर्फ टाकला, ट्रेकर्स, गाइड, पोर्टर आणि तिथले रहिवासी मिळून ४० हून जास्त लोक गेले. कॅलेंडरमध्ये एक दिवस शिल्लक असला की हवा बिघडल्यावर खालीच थांबावंसं वाटतं, उद्याचीच तिकिटं असली की माणूस आभाळाकडे बघूनसुद्धा निघतो.

औषधांबद्दल पण लेखात 'डायमॉक्स सोबत ठेवा' एवढंच एक वाक्य आहे. डायमॉक्स म्हणजे असिटाझोलामाइड, ते किडन्यांचं वर सांगितलेलं काम लवकर करून देतं, चांगलं औषध आहे, पण ते घेऊन वाटेल तसं चढायची परवानगी मिळत नाही, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. डेक्सामेथासोनचं वेगळंच आहे, त्याने लक्षणं दबतात, माणसाला बरं वाटतं आणि तो वर जातो, औषध बंद केलं की सगळं उलटून येतं. आणि ते बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं ऑक्सिमीटर, आमच्या ग्रुपमध्ये रोज संध्याकाळी सगळ्यांचे आकडे मोठ्याने वाचायचे, बहिणीचा आकडा माझ्यापेक्षा चांगला होता त्या दिवशी. आकड्यावर विसंबू नका. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाहीये, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार समजायचा, बरं वाटेपर्यंत एक पाऊलही वर टाकायचं नाही आणि वाढत असेल तर रात्र असो दिवस असो, खाली उतरायचं.

पोर्टर लोकांबद्दलही दोन ओळी छापल्या पाहिजेत. आपल्याला वाटतं ही डोंगरातली माणसं, यांना काय होतंय. पण बरेचसे पोर्टर खालच्या खोऱ्यांतून आलेले असतात, त्यांचं शरीरही आपल्यासारखंच नव्याने उंचीला सरावत असतं आणि वर पाठीवर ओझं. आजारी पोर्टरला पैसे देऊन एकट्याला खाली पाठवून देतात, असं करून माणसं मेली आहेत. ज्याने माझ्या बहिणीला पाठीवर आणलं त्याचेही रेस्ट डे आमच्यासोबतच कापले गेले होते, हे मला फेरिचेला त्याला भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेला बघितल्यावर सुचलं. तोपर्यंत एकदाही सुचलं नव्हतं.

तर संपादक महोदय, माझी मागणी छोटी आहे. यापुढे असा लेख छापाल तेव्हा चौकटीत प्रत्येक मुक्कामाची उंची द्या, रेस्ट डे किती ते द्या, हवेसाठी राखीव दिवस किती ते द्या, आणि इन्शुरन्सबद्दल लिहिताना पॉलिसी किती मीटरपर्यंत चालते ते बघायला सांगा, कारण अनेक पॉलिसींना उंचीची मर्यादा असते. 'अवघ्या', 'फक्त' हे शब्द दिवसांच्या आधी लावू नका एवढी विनंती. तुमचा पेपर वाचून लोक ट्रेक बुक करतात, आम्हीही असाच एक लेख वाचून बुक केला होता.

बहीण पुढच्या ऑक्टोबरमध्ये परत जातेय, अन्नपूर्णा सर्किट, जीप न घेता खालून चालत. तिने वहीच्या पानावर तक्ता करून भिंतीला लावलाय, पहिला कॉलम तारीख, दुसरा गाव, तिसरा झोपायची उंची, आणि चार ओळींवर नुसतं 'थांबणे' लिहिलंय. हवा असेल तर त्या पानाचा फोटो पाठवते, तुमच्या चौकटीसाठी उपयोगी पडेल.

आपली,
एक नियमित वाचक