विषय: गणिताच्या पीएचडी अर्ज-मार्गदर्शनाबाबत तक्रार आणि संपूर्ण शुल्काच्या परताव्याची मागणी

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि संचालक मंडळ

तुमच्या वरिष्ठ समुपदेशकांचा फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले. यापुढे मी फोनवर बोलणार नाही. जे सांगायचं असेल ते लेखी द्या.

मी तुमचं परदेशातल्या संशोधन पदवीचं पॅकेज घेतलं आहे. त्यात विद्यापीठांची निवड, एसओपी (अर्जासोबतचं उद्देशपत्र), शिफारसपत्रांचा पाठपुरावा आणि फंडिंगचं, म्हणजे शिष्यवृत्ती-विद्यावेतनाचं, मार्गदर्शन येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पहिल्याच फॉर्मवर मी लिहून दिलं होतं: शुद्ध गणित, बीजगणिताकडे कल, पीएचडी, आणि फंडिंग असेल तरच. तरीही तुमच्याकडून आलेल्या यादीत बहुतेक नावं स्वखर्चाच्या मास्टर्सची होती, आणि त्यातही डेटा सायन्स आणि बिझनेस ॲनालिटिक्सचा भरणा. विचारलं तर उत्तर मिळालं, "आधी मास्टर्स, मग पीएचडी, असाच क्रम असतो." अमेरिकेत असा नियम नाही. तिथले बरेच गणित विभाग पदवीनंतर थेट पीएचडीला अर्ज घेतात. जर्मनीत सहसा आधी मास्टर्स लागतं, पण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं आणि पीएचडीचं पद बहुधा पगारी नोकरीचंच असतं. मास्टर्सच करायचं तर कॅनडातले अनेक विभाग त्यालाही पैसे देतात. युरोपातल्या मास्टर्ससाठी इरास्मस मुंडुसच्या शिष्यवृत्त्या आहेत. विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी इटलीतल्या त्रिएस्तच्या आयसीटीपी या संशोधन संस्थेचा डिप्लोमा आहे, त्याचा खर्च तीच संस्था उचलते. यातलं एकही नाव तुमच्या यादीत नव्हतं. कर्ज देणाऱ्या तुमच्या भागीदार कंपनीचं माहितीपत्रक मात्र यादीच्या आधी आलं.

जीआरई या प्रवेशपरीक्षेचंही तेच. तुम्ही मला जनरल जीआरईच्या शिकवणीला बसवलंत. अनेक गणित विभाग ती परीक्षा आता मागतही नाहीत. काही विभागांना हवी असते ती जीआरईचीच, पण फक्त गणिताची वेगळी सब्जेक्ट टेस्ट. ती सप्टेंबर, ऑक्टोबर आणि एप्रिल अशी वर्षातून तीनदाच होते आणि तिचे निम्मे प्रश्न कॅल्क्युलसवर असतात. बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते, त्यामुळे ऑक्टोबरची परीक्षा हुकली की त्या वर्षापुरता विषय संपतो. तुमच्या कार्यालयाने या परीक्षेचं नाव काढलं तेव्हा ऑक्टोबरची नोंदणी बंद झालेली होती.

शिफारसपत्रांबद्दल लिहिताना अजूनही राग येतो. "मसुदे आम्ही पाठवतो, सरांनी फक्त अपलोड करायचं," असं मला सांगण्यात आलं. माझ्या सरांकडे मी ग्रुप थिअरीवर, म्हणजे बीजगणिताच्या एका शाखेवर, प्रकल्प केला आहे. एका सिद्धतेत मी कुठे अडकले आणि त्यातून कशी बाहेर पडले, हे त्यांनी पाहिलं आहे. गणिताची प्रवेश समिती पत्रात नेमकं हेच शोधते: या विद्यार्थ्याला गणित करताना कोणी पाहिलं आहे का, आणि काय पाहिलं. तुमच्या मसुद्यात मी वक्तशीर, मेहनती आणि नेतृत्वगुण असलेली होते. गणिताचा एक शब्द नव्हता. सर दुखावले. त्यांनी स्वतःचं पत्र स्वतः लिहिलं आणि त्यांची माफी मला मागावी लागली. तुमच्याकडून कोणीही मागितलेली नाही.

आता आजचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं असं सुरुवातीला ऐकवलं जातं, तेव्हा ते काढून ऐका.

मी दोनच गोष्टी मागितल्या. मी एका पीएचडीच्या प्रतीक्षा यादीत आहे, म्हणून १५ एप्रिलपर्यंत थांबायचं आहे. आणि माझ्या संमतीविना माझ्या नावाने भरलेला कर्जाचा अर्ज मागे घ्या. त्यावर तुमचे वरिष्ठ समुपदेशक म्हणाले, "गणितात कोण पैसे देतं मॅडम? इंजिनिअरिंगमध्ये प्रोजेक्ट असतात, लॅब असते. गणिताला काय लागतं, वही आणि पेन. त्याला फंडिंग कशाला?"

मी शांतपणे सांगितलं की विद्यापीठातल्या जवळजवळ प्रत्येक शाखेच्या पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस असतं आणि ते शिकवायला गणित विभागाला माणसं लागतात. म्हणून अमेरिकेत पीएचडीच्या विद्यार्थ्यांना टीचिंग असिस्टंटशिप मिळते. सत्र चालू असताना परदेशी विद्यार्थ्याने आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करायचं, गृहपाठ तपासायचे, छोटे वर्ग घ्यायचे. त्या बदल्यात शिक्षणशुल्क माफ होतं आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. बहुतेक ठिकाणी त्यासाठी वेगळा अर्जही नसतो, प्रवेशाबरोबरच विचार होतो.

त्यांनी मला होल्डवर ठेवलं. बराच वेळ तुमची जाहिरात ऐकवली, तीही शैक्षणिक कर्जाची. परत येऊन म्हणाले, "मी सिस्टीममध्ये बघितलं. गणित निवडलं की फंडिंगचा ऑप्शनच येत नाही." मी म्हटलं, मग तुमची सिस्टीम चुकीची आहे. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही एवढ्या हुशार असता तर आमच्याकडे कशाला आला असता? आणि एवढं गणित करून शेवटी शिक्षिकाच होणार ना?"

पैसे मोजून सेवा घेतलेल्या माणसाशी हे बोलणं झालं. गणित शिकवणं मला कमीपणाचं वाटत नाही, मला तेच करायचं आहे. आणि मी तुमच्याकडे आले, कारण या वाटेने गेलेलं माझ्या ओळखीत कोणी नाही. अशा माणसांसाठीच आपण आहोत, असं तुमचं माहितीपत्रक म्हणतं.

शेवटी त्यांनी दटावलं की आज मास्टर्सची अनामत भरली नाही तर "सगळीकडच्या तारखा संपतील". हे खोटं आहे. अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेचा १५ एप्रिलचा ठराव आहे. त्यावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावाला त्या तारखेआधी होकार द्यायला विद्यार्थ्याला भाग पाडू शकत नाहीत. म्हणूनच त्या सुमारास नकार येतात आणि प्रतीक्षा याद्या सरकतात. नेमक्या याच दिवसांत तुम्ही मला स्वखर्चाच्या जागेत बांधून टाकायला निघाला होता.

पुन्हा लिहिते, कारण मूळ तक्रार हीच आहे. ज्या विषयात विद्यार्थ्याला पैसे मिळू शकतात, त्या विषयासाठी तुम्ही मला कर्ज विकत होता, आणि फंडिंगच्या मार्गदर्शनाचे पैसेही माझ्याकडूनच घेतले होते.

संपूर्ण शुल्क परत करा. कर्जाचा अर्ज रद्द झाल्याचं लेखी पत्र द्या आणि भागीदार कंपनीला दिलेली माझी कागदपत्रं काढून घ्या. आजच्या संभाषणाबद्दल माझी आणि शिफारसपत्राबद्दल माझ्या सरांची लेखी माफी मागा. पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर सगळा पत्रव्यवहार, तो मसुदा आणि ती यादी घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाणार आहे. माझ्या विभागातल्या ज्या मुलामुलींना मी तुमचं नाव सुचवलं होतं, त्यांना हे पत्र आजच पाठवते आहे.

तुमच्याकडे नोंद असलेली ग्राहक
(गणित, पीएचडी, फंडिंग असेल तरच)