शाईच्या रेषेतल्या मायलेकरांसाठी

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

आई आणि बाळाचं चित्र म्हटलं की सगळे चेहऱ्यांकडे धावतात. माया आधी भार पेलण्यात दिसते, हे तुम्ही आम्हाला शाईत बुडवायचा टाक हातात देऊन दाखवलंत. त्याबद्दल हे जाहीर आभार.

बाळाच्या मांडीखालून गेलेला आईचा हात, तिच्या कोपराची घडी, बाळाच्या पाठीत किंचित रुतलेली बोटं, इथे निब दाबायची आणि रेषा जाड होऊ द्यायची. बाळाचा गाल आईच्या खांद्याला टेकतो तिथे मात्र ती तोडायची. दोघांभोवती एकाच जाडीची अखंड बाह्यरेषा फिरवली की दोघं सुटी पडतात. बरीचशी चित्रं इथेच कोरडी होतात. बाकी टेकलेल्या जागी दोघांत मिळून एकच रेषा पुरते. आईच्या कानामागून खांद्यावर उतरणारी रेषा मनगटाने काढू नये, सगळा हात फिरवत एका दमात काढावी.

बाळाच्या चेहऱ्यावर छायारेषा नकोत, एकही नको, हा तुमचा हट्ट किती योग्य होता! शाईची बारीक रेघसुद्धा तिथे सुरकुती होते आणि तान्हं म्हातारं दिसतं. प्रमाण चुकलं तरी तेच होतं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या साधारण 1/4 असतं, मोठ्या माणसाचं 1/7 ते 1/8.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये डच चित्रकार रेम्ब्रांचं एक रेखाचित्र आहे: दोन बायका लेकराला धरून चालायला शिकवताहेत. मोजक्याच रेघा, दोघी जवळजवळ पाठमोऱ्या, तरी त्यांच्या वाकण्यातच सगळी काळजी उतरली आहे.

पेन्सिलीच्या तीनच फिक्या खुणा करायच्या: आईची हनुवटी, बाळाची टाळू, आधाराचं कोपर. पूर्ण चित्र आधी पेन्सिलीने काढून गिरवलं की हात मंदावतो आणि रेषा मरते. खोडरबर शाई पुरती वाळल्यावरच.

नव्या निबवरचा तेलकट थर साबणाच्या पाण्याने काढला नाही तर शाई नीट धरत नाही, ठिपका होऊन गळते. लाख घातलेली काळी शाई निबवर वाळून चीर बुजवते, म्हणून काम चालू असतानाच निब धूत राहायची. खरखरीत कागदावर वर ढकललेली निब तंतूंत अडकून शिंतोडे उडवते. कागद गुळगुळीतच हवा.

हे सगळं तुम्ही हातचं काही न राखता दिलंत. आम्ही तुमचे मनापासून ऋणी आहोत.

आपले विद्यार्थी