अडुसष्ट लिंगांपाशी दोन परिच्छेदांचा फलक हवा

संपादक महोदय, स. न. वि. वि.

उभी हयात यंत्रमागावर गेली. त्यामुळे मुलीकडे बेल्जियमला गेलो तेव्हा ब्रुज बघायचं होतं ते कापडासाठी. मध्ययुगात हे गाव लोकरी कापडाच्या व्यापारावर मोठं झालं. मुलीने मात्र आधी बुर्ग चौकातल्या 'पवित्र रक्ताच्या बॅसिलिका'त नेलं. तिथलं खालचं प्रार्थनागृह बाराव्या शतकातलं, म्हणजे सोलापुरात ६८ लिंगं स्थापणाऱ्या आपल्या सिद्धरामेश्वरांच्याच काळातलं. जाड दगडी खांब, काळोख, गारवा. वरचा मजला १९व्या शतकात नव्याने रंगवून सजवलेला. मला खालचाच आवडला.

वर एका कुपीत कापडाचा तुकडा आहे. येशूचं रक्त याच कापडाने टिपलं, अशी श्रद्धा. एकेक जण पायऱ्या चढतो, काचेवर हात ठेवतो, थोडं थांबून उतरतो. शेजारचे पाद्री फडक्याने काच पुसतात की पुढचा येतो. ढकलाढकली नाही, 'चला चला' नाही. मीही हात टेकवून आलो.

खाली आल्यावर गाइडने जे सांगितलं, त्यासाठी हे पत्र. परंपरा म्हणते, दुसऱ्या क्रूसेडहून (ख्रिस्ती धर्मयुद्धाहून) परतताना फ्लँडर्सच्या, म्हणजे ब्रुजच्या प्रांताच्या, काउंट थिअरी या शासकाने ही कुपी ११५० मध्ये आणली. अभ्यासक म्हणतात, १२५६ च्या आधी ब्रुजच्या कागदपत्रांत तिचा उल्लेखच सापडत नाही. १२०४ मध्ये क्रूसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) लुटलं, त्यानंतर ती आली असावी. दोन्ही गोष्टी त्याने चर्चच्या दारातच सांगितल्या. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत, रांगही कमी झाली नाही. दरवर्षी निघणारी या कुपीची मिरवणूक तर २००९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

आता आपल्याकडे या. यण्णीमज्जनाला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या तैलाभिषेकाच्या दिवशी, नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) ६८ लिंगांना जातात, तेव्हा सारं सोलापूर रस्त्यावर असतं. एरवी बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन निघालो, तर पानटपरीवर विचारत फिरावं लागलं. त्यातही प्रत्येकाची कथा निराळी.

प्रत्येक लिंगापाशी मराठी, कन्नड आणि तेलुगूत छोटा फलक लावावा. वर परंपरा काय सांगते ते, खाली शिलालेख-कागदपत्रं काय सांगतात ते. पुरावा नसेल तर 'पुरावा नाही' असं सरळ लिहावं. फलकासाठी देणगीदार सोलापुरात सहज मिळतील. फक्त त्यांची नावं फलकाच्या मागच्या बाजूला घालावीत.

— एक निवृत्त यंत्रमाग कामगार, पूर्व भाग, सोलापूर