मराठी डेटासेट जपण्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

पुण्यातल्या कॉलेजांत मराठी भाषेवर संगणकाचे प्रकल्प सतत होत असतात. कुणी बोलींचे आवाज ध्वनिमुद्रित करते, कुणी हस्ताक्षरांचे नमुने जमवते, कुणी बातम्यांची हजारो वाक्ये वाचून त्यांवर खुणा करते. प्रबंध जमा झाला की मुले नोकरीला लागतात, कॉलेजचे ईमेल खाते बंद होते आणि ड्राइव्हवरची लिंक उघडेनाशी होते. एवढ्या कष्टाचा डेटासेट, म्हणजे माहितीचा संच, मग कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपमध्ये पडून राहतो.

असे संच शोधून, ज्यांनी केले त्यांची लेखी परवानगी घेऊन, ते सर्वांना वापरता येतील असे पुन्हा ठेवण्याचे काम आमचे मंडळ करते. त्यासाठी आपली साथ हवी आहे.

खरा वेळ जातो तो परवानगी मिळवण्यात. ‘नेटवर होते, मग ठेवायला काय हरकत?’ असे अनेक जण विचारतात. 1957च्या कॉपीराइट कायद्यात खासगी अभ्यासासाठी, संशोधनासाठी सवलत आहे. पण तीच फाइल जगासाठी पुन्हा खुली करणे ही वेगळी गोष्ट झाली. संगणकीय डेटाबेसही याच कायद्याखाली संरक्षित आहे. त्यामुळे परवाना लिहिलेलाच नसेल तर सर्व हक्क राखीव आहेत असे आम्ही धरतो आणि संच ठेवत नाही. केंद्र सरकारचा 2017चा खुला डेटा परवाना चांगला आहे, पुनर्वितरणाची मुभा देतो; तरी प्रत्येक सरकारी संकेतस्थळावरच्या माहितीला तो आपोआप लागू होत नाही, तेही तपासावे लागते.

संच करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. ‘व्यापारी वापर नको’ ही अट चांगल्या हेतूने घातली जाते, पण तिने मुक्त प्रकल्पांचीच वाट अडते. मराठी विकिपीडियाचा मजकूर सीसी बाय-एसए या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली आहे. त्यावरून केलेली नवी कृतीही त्याच परवान्याने द्यावी लागते. तुमच्या संचावर बिगरव्यापारी अट असेल तर दोन्ही एकत्र करून नवा संच प्रसिद्ध करताच येत नाही. शक्य असेल तर सीसी बाय 4.0 निवडा; त्यात श्रेय देण्याचीच अट असते, म्हणजे तुमचे नाव कायम राहील. लोकांनी दिलेले आवाज जमवणारा मोझिलाचा कॉमन व्हॉइस प्रकल्प तर आवाजांसाठी सीसी-झिरो, म्हणजे कोणतीच अट न घालता हक्क सोडून देणे, वापरतो. ज्यांचे आवाज किंवा चेहरे घेतले आहेत त्यांची संमती मात्र हवीच. ती नसलेले संच आम्ही घेत नाही आणि पुढेही घेणार नाही.

आम्हाला पत्रे लिहिणारी, जुन्या विद्यार्थ्यांचा माग काढणारी माणसे हवी आहेत. कॉपीराइटची जाण असलेले वकील महिन्यातून दोन तास देऊ शकले तर फार मोठे काम होईल. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे मोडतात, ती तपासायला मराठी चांगले असलेले कुणीही चालेल. निवृत्त शिक्षकांनी जरूर यावे.

छोटे संच झेनोडो या संशोधनाचा डेटा ठेवण्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य राहतात. ध्वनिमुद्रणे मोठी असतात. त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवण्यासाठी हार्ड डिस्क आणि सर्व्हरचे भाडे लागते. 500 रुपयांचीही मदत उपयोगी पडेल. वापरात नसलेली, चालू स्थितीतली डिस्कही चालेल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी सर्वांसमोर मांडला जाईल.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, पुणे